ब्रेक पॅड दिवाळीच्या बोनसपर्यंत थांबतील का?

प्रश्न : मी साताऱ्याचा, नोकरी पुण्यात. सोमवारी पहाटे गाडीने जातो, शुक्रवारी रात्री परत येतो. गाडी २०१८ची वॅगन आर आहे, ६२,००० किलोमीटर झालेत. पुढचे ब्रेक पॅड एकदा ३४,०००ला बदलले होते. आता सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात की तीन मिलिमीटर उरलेत. त्यांनी करासह १३,८०० रुपयांचं एस्टिमेट दिलंय : पुढचे पॅड २,६००, दोन्ही डिस्क ६,२००, मागचे लायनर १,९००, ब्रेक ऑइल ८००, मजुरी २,३००. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो की बाजारात ७५० रुपयांत पॅडचा सेट मिळतो, ४०० रुपयांत बसवून देतो. पगार हातात ४६,००० येतो. घराचा हप्ता १४,०००, एसआयपी ५,०००, अडीअडचणीसाठी ९०,०००ची एफडी आहे. दिवाळीला बोनस मिळतो, तोवर चार महिने थांबू का? की सगळं क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत करू? दीड वर्षात गाडी विकायचीच आहे, मग ७५० वालेच टाकू का?

उत्तर : थांबू नका. ७५० वाले पॅडही टाकू नका. पण १३,८०० रुपयेही लगेच मोजून देऊ नका. माझ्या अंदाजाने तुमचं काम ४,६०० रुपयांच्या आसपास व्हायला हवं, आणि ते येत्या सोमवारच्या आधी व्हायला हवं.

आधी थांबण्याचा हिशेब करू. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, डिस्कला, दोन्ही बाजूंनी दाबणारी पट्टी. नव्या पॅडवर डिस्कला घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तुमच्या पॅडवर १० होता असं धरलं, तर २८,००० किलोमीटरमध्ये ७ मिलिमीटर झिजला. म्हणजे दर ४,००० किलोमीटरला एक मिलिमीटर. सातारा-पुणे जाणं-येणं आणि गावातलं फिरणं मिळून तुमचे महिन्याला सुमारे १,२०० किलोमीटर होत असणार. चार महिन्यांत ४,८००. दिवाळीला पॅडवर १.८ मिलिमीटर उरेल. तीनला बदलायचा आणि दोनच्या खाली जाऊच द्यायचा नाही, असा गॅरेजमधला सर्वसाधारण दंडक आहे. तो तुम्ही ऐन पावसाळ्यात, घाटरस्त्यावर मोडत असाल.

शिवाय हा हिशेब तीन मिलिमीटर बरोबर मोजलेत असं धरून केलाय. बऱ्याचदा चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बाहेरचा पॅड बघतात आणि आकडा सांगतात. आतल्या बाजूचा पॅड तसा धड दिसत नाही. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पाणी-मातीने जाम झाल्या, तर दोन्ही पॅड सारखे झिजत नाहीत, आणि मग आतला बाहेरच्यापेक्षा बराच पातळ निघू शकतो. चाक काढून चारही पॅड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ब्रेक दाबल्यावर बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत असेल, तर पॅडवरची इशाऱ्याची पट्टी डिस्कला लागू लागली आहे. सगळ्या पॅडना ती पट्टी नसते, म्हणून आवाज नाही याचा अर्थ सगळं ठीक असा घेऊ नका.

थांबून तुमचा फायदा किती? पॅड आणि ते बसवण्याची मजुरी मिळून ३,२०० धरू. चार महिने ही रक्कम बचत खात्यात राहिली तर तीसेक रुपये व्याज मिळेल. उलट थर संपून लोखंडी पाठ डिस्कला घासली, तर ६,२०० रुपयांच्या डिस्क नक्की जातात. तीस रुपयांसाठी सहा हजारांचा धोका घेऊ नका, असं मी तुमच्या जागी माझा सख्खा भाऊ असता तरी सांगितलं असतं. आणि हा झाला फक्त सुट्या भागांचा धोका.

विम्याचंही लक्षात घ्या, कारण अनेकांची समजूत असते की काही झालं तर पॉलिसी आहेच. गाडीच्या विम्यात झीज कधीच धरत नाहीत. झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारा विमा) असला तरी झिजलेले पॅड कुणी बदलून देत नाही. वाहन सुस्थितीत ठेवणं ही पॉलिसीतली अट असते, आणि दाव्याच्या वेळी वाद निघू शकतो तो याच अटीवरून. तुम्ही समोरच्या गाडीला मागून ठोकलंत आणि स्वतःच्या गाडीसाठी दावा केलात, तर नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं दावा न केलेल्यांना स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट असते. ती शून्यावर येते आणि पुन्हा २० टक्क्यांपासून चढत जावी लागते.

तुमचा रस्ताही साधा नाही. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचा वळणावळणाचा उतार आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार, दोन्ही तुमच्या सोमवारच्या वाटेवर. नवले पुलाच्या उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी होऊन किती अपघात झालेत हे तुम्ही मला सांगाल. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय त्यामागचं एक मोठं कारण आहे. डिझेल-पेट्रोल वाचतं म्हणून लोक तसं करतात. तुम्हीही करत असाल तर आजपासून बंद करा, कारण पैसेसुद्धा वाचत नाहीत. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत आणि पॅडही जास्त टिकतात.

पॅड किती टिकावेत याला एक आकडा नाही. शहरातल्या सिग्नल-सिग्नलच्या वाहतुकीत २५,००० किलोमीटरला संपतात, सपाट हायवेवर शांतपणे चालवणाऱ्याचे ६०,००० च्या पुढेही जातात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढच्या चाकांना जास्त काम पडतं आणि पुढचे पॅड मागच्या लायनरच्या खूप आधी संपतात. घाट आणि पुण्याची वाहतूक लक्षात घेता तुमचे २८,००० वाईट नाहीत.

आता कोणते घ्यायचे. दीड वर्षात तुम्ही सुमारे २१,६०० किलोमीटर चालवाल. हा आकडा समोर ठेवला की निवड सोपी होते. कंपनीचा पॅड २८,००० टिकला होता, म्हणजे गाडी विकेपर्यंत पुरेल. सिरॅमिक पॅड महाग असतात, काळी भुकटी कमी टाकतात, आवाज कमी करतात आणि सहसा जास्त टिकतात. पण त्यांचं जास्तीचं आयुष्य पुढचा मालक वापरेल आणि पैसे तुम्ही भराल. सेमी-मेटॅलिक (धातूमिश्रित थराचे) उष्णता चांगली सोसतात, पण थोडा आवाज करतात आणि डिस्क जास्त खातात. जड गाडीला ते शोभतात. तुमच्या हलक्या गाडीला कंपनीने जो दर्जा ठरवून दिला आहे तोच घाटासाठी पुरेसा आहे.

७५० वाल्याचं गणित वरवर आकर्षक वाटतं. ७५० अधिक ४०० म्हणजे १,१५०. तो १०,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला साडेअकरा पैसे पडले. कंपनीचा ३,२०० रुपयांत २८,००० चालतो, म्हणजे साडेअकरा पैसेच. खर्च तेवढाच, वर आणखी दोनदा गाडी गॅरेजला लावायची. कडक, निकृष्ट थराने डिस्कवर चरे पाडले तर ते वेगळं. तुलनेसाठी सांगतो : पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडीचं ॲव्हरेज १८ धरलं, तर प्रत्येक किलोमीटरला तुम्ही पावणेसहा रुपयांपेक्षा जास्त पेट्रोल जाळता. त्याच्यापुढे साडेअकरा पैशांत काटकसर करायला खरोखर काही जागा नाही.

मात्र स्वस्त आणि बनावट यात फरक करा. सर्व्हिस सेंटरच्या बाहेरही चांगले पॅड मिळतात. ब्रेक्स इंडिया, राणे, अलाइड निप्पॉन, बॉश ही नावं स्पेअर पार्टच्या कोणत्याही दुकानात माहीत असतात. यांतल्या काही कंपन्या गाड्यांच्या कारखान्यांनाही ब्रेकचा माल पुरवतात. तुमच्या मॉडेलचा पार्ट नंबर जुळवा, खोक्यावर छापील किंमत, उत्पादकाचं नाव आणि बॅच बघा, पक्कं बिल घ्या. काही पॅडच्या कडेवर ‘एफएफ’सारखी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापलेल्या स्थितीतली. घाटात उतरणाऱ्याने दुसरं अक्षर बघावं : ‘ई’पेक्षा ‘एफ’ची पकड जास्त. आणि ॲस्बेस्टॉस नसलेलेच घ्या. ब्रेकची भुकटी मेकॅनिकच्या छातीत जाते. हवेचा पाइप मारून ती उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, असं त्यालाही सांगा.

खरी बचत पॅडमध्ये नाही, एस्टिमेटच्या बाकीच्या ओळींत आहे. सर्वांत मोठी ओळ डिस्कची. डिस्क किती पातळ झाली की बदलायची ती किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते किंवा कंपनीच्या माहितीपुस्तकात असते. मायक्रोमीटर लावून मोजायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. जाडी मर्यादेच्या वर असेल, खोल चरे नसतील आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग किंवा पेडल थरथरत नसेल, तर डिस्क बदलायचं कारण नाही. ६,२०० वाचले. हलके चरे असतील तर लेथवर फेसिंग होतं, म्हणजे डिस्क तासून सपाट करता येते, अर्थात त्यानंतरही जाडी मर्यादेच्या वर राहणार असेल तरच. पण मोजमाप मर्यादेच्या खाली आलं, तर दोन्ही डिस्क बदला आणि त्यात घासाघीस करू नका.

मागच्या लायनरचंही तसंच. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम असतो आणि त्याला आतून घासतो तो लायनर. ड्रम तुमच्यासमोर उघडायला लावा. लायनर जाड असेल, तर साफसफाई आणि हँडब्रेक ॲडजस्ट करणं एवढंच पुरतं. ब्रेक ऑइल मात्र बदलून घ्याच. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ दर्जाचं कोरडं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्याची हमी १४० अंशांपुरतीच. लांब उतारावर ते उकळून वाफ झाली, की पेडल एकदम पोकळ लागतं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि शेवटचं कधी बदललं हे तुमच्या पत्रात नाही. त्या ८०० रुपयांना हात लावू नका.

म्हणजे पॅड २,६००, ऑइल ८००, आणि डिस्क-लायनरचं काम वगळल्यावर मजुरी बाराशेच्या आसपास : ४,६००. बिलावर जीएसटीचा दरही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के आहे. कुणी अजून २८ लावत असेल तर दुरुस्त करून घ्या.

पैसे कुठून आणायचे? ४,६०० रुपये या महिन्याच्या पगारातून जाऊ शकतात. हप्ता आणि एसआयपी भरून तुमच्याकडे २७,००० उरतात, त्यात या महिन्यापुरती ओढाताण होईल, पण निभेल. एसआयपी थांबवू नका. डिस्कही बदलाव्या लागल्या तर एफडीतून काढा आणि बोनस आला की ती रक्कम परत भरा. एफडी त्यासाठीच आहे. क्रेडिट कार्डाचे हप्ते मला पटत नाहीत. १३,८०० रुपये १६ टक्क्यांनी सहा महिन्यांत फेडले तर व्याज ६५० होतं. त्यात १९९ रुपये प्रोसेसिंग फी आणि दोन्हींवरचा जीएसटी धरला, की हजार रुपये जास्तीचे गेले. एफडी हाताशी असताना तो हजार कशासाठी द्यायचा?

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली. ब्रेक पॅड तुम्ही अचानक आलेला खर्च म्हणून मांडलाय. तो ठरलेला खर्च आहे, फक्त तारीख छापलेली नाही. वर्षाला १४,४०० किलोमीटरच्या हिशेबाने पॅडचे सुमारे १,६५०, टायरचे ५,१०० (१६,००० रुपयांचे चार टायर ४५,००० किलोमीटर टिकतील असं धरून), बॅटरीचे १,२५० आणि ब्रेक ऑइलचे ४००. मिळून ८,४००, म्हणजे महिन्याला ७००. पगाराच्या दुसऱ्या दिवशी कटणारी ७०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करा आणि तिला गाडीचंच नाव द्या. नेहमीच्या सर्व्हिसिंगचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा काढा. गाडी विकल्यावरही ती बंद करू नका, पुढच्या गाडीलाही चाकं असतीलच.

काम पुण्यातच, आठवड्याच्या मध्ये करून घ्या, शुक्रवारी संध्याकाळी नको. नवे पॅड डिस्कवर बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत हळूहळू ब्रेक दाबत यायचं, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा करा. शुक्रवारी परतताना समोरच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. आणि सर्व्हिस सेंटरमधून निघण्याआधी, गाडी जागेवर असतानाच, पेडल घट्ट लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पॅड बदलल्यावर पहिला दाब रिकामा जातो.