बर्लिन कोरडं वाटतंय, त्याबद्दल

तुम्ही बर्लिनमध्ये नवीन आहात आणि इथले लोक इतके कोरडे का वाटतात असं विचारलंत. तुमचा प्रश्न नीट वाचला. सायकलच्या पट्ट्यात उभे राहिलात म्हणून एक बाई ओरडून गेल्या. रविवारी दुपारी भिंतीत खिळा ठोकत होतात तेव्हा खालच्या मजल्यावरचे आजोबा दारात येऊन उभे राहिले. आणि इतक्या बिऱ्हाडांच्या इमारतीत कुणीही आपणहून ओळख करून घेतली नाही. यावरून 'इथल्या लोकांना परके नकोत' असं तुम्ही ठरवून टाकलंत. मी बरीच वर्षं बर्लिनच्या नॉयकोल्न भागात राहते, आणि मला हे पटत नाही. इथे वंशद्वेष नाही असं मी म्हणणार नाही. तो आहे, आणि समोर आला की कळतो. पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टी त्यातल्या नाहीत.

अनोळखी माणसाला नियम सांगणं इथे अपमानाचं मानत नाहीत. नियम सगळ्यांचा, म्हणून तो सांगण्याचा हक्कही सगळ्यांचा. रस्ता रिकामा असला तरी लोक लाल दिव्याला थांबतात, जवळ लहान मूल असेल तर हमखास, आणि कुणी तसंच ओलांडलं तर एखाद्या आजी 'मुलं बघतायत' म्हणून सुनावतात. 'एन्टशुल्डिगुंग', म्हणजे 'माफ करा', म्हणायचं आणि पुढे जायचं, विषय तिथेच मिटतो. त्या बाई तुम्हाला पुढच्या चौकात विसरल्याही असतील. तुमच्या मनात ते राहिलं, कारण आपल्याकडे परक्या माणसाने आवाज चढवला म्हणजे भांडणाला तोंड फुटलं असं आपण धरतो. सायकलचा पट्टा पुष्कळ ठिकाणी फुटपाथवरच असतो, नुसत्या लालसर फरशीने वेगळा केलेला. नव्या माणसाच्या तो लक्षात येत नाही, पण वेगात येणाऱ्या सायकलस्वाराला तुम्ही अचानक आडवे आलेले असता.

रविवारच्या शांततेला तर संविधानाचा आधार आहे. रविवार विश्रांतीचा दिवस म्हणून जपावा हे १९१९च्या वायमार संविधानातलं कलम आजच्या जर्मन संविधानाने जसंच्या तसं ठेवलं आहे. म्हणून दुकानं बंद, ड्रिल आणि हातोडी बंद, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणंसुद्धा बंद. रोज रात्री दहा ते सकाळी सहा हीसुद्धा शांततेची वेळ. दूध संपलंच तर हाउप्टबानहोफ किंवा ओस्टबानहोफ स्टेशनातली दुकानं उघडी असतात. पण रविवारी घरात बसून राहू नका. टेम्पेलहोफर फेल्डवर, म्हणजे जुन्या विमानतळाच्या मैदानावर जा. हा विमानतळ २००८ साली बंद झाला आणि २०१० मध्ये मैदान म्हणून लोकांना खुलं झालं. तिथे काठाकाठाने इमारती उभारायचं घाटत होतं, तेव्हा २०१४ मध्ये बर्लिनकरांनी सार्वमत घेऊन तो बेत मोडून काढला. तीनशे हेक्टरहून जास्त मोकळी जागा शहराच्या पोटात आहे, आणि धावपट्टीवर पतंग उडवणारे, सायकल शिकणारी पोरं, लाकडी खोक्यांत भाजी लावणारे लोक, सगळे दिसतात. माझ्या लेखी बर्लिनची खरी ओळख तिथे होते.

आता शेजारी. इथे ते ओळख करून घ्यायला येत नाहीत, नवीन आलेल्याने जायचं असतं. एखाद्या संध्याकाळी, जेवणाची वेळ टाळून, वरच्या-खालच्या आणि समोरच्या दारावर जा, नाव सांगा, दोन मिनिटांत परत या. त्या आजोबांकडे आधी जा. जिन्यात कुणी भेटलं की 'हालो' म्हणा, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरतानाही सगळ्यांना मिळून 'गुटन टाग' म्हणतात. घरी मंडळी जमणार असतील तर आदल्या दिवशी जिन्यात तशी चिठ्ठी लावा. तुम्ही घरी नसताना तुमचं पार्सल बहुतेक कुणी शेजारीच घेऊन ठेवतो, पेटीत त्याच्या नावाची चिठ्ठी मिळते. ते आणायला जाल तेव्हा बोलणं आपोआप होईल.

त्यासाठी बेलवर आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव हवं. बर्लिनच्या पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन नावावरून चालतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि त्यात तुमचा टॅक्स नंबरसुद्धा असू शकतो.

पत्रांचा ढीग साचलाय, उघडायचा धीर होत नाही, असं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत. मला काळजी त्याचीच वाटली. आजच बसून उघडा. पिवळं पाकीट, म्हणजे कोर्टाचं किंवा सरकारी कार्यालयाचं अधिकृत पत्र असेल तर आधी ते. पोस्टमन त्यावर तारीख घालून ते पेटीत टाकतो, आणि तुम्ही वाचा की न वाचा, त्या दिवसापासून मुदत चालू होते. दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला दोनच आठवडे मिळतात. रुंडफुंकबाइट्रागचं पत्र पाहून घाबरू नका, ती फसवणूक नाही. सरकारी नियंत्रणाबाहेरच्या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी दर घरामागे महिना १८.३६ युरो द्यावे लागतात, टीव्ही असो वा नसो. घरात आणखी कुणी आधीच भरत असेल तर त्याचा या वर्गणीचा नंबर कळवा, दुहेरी भरावं लागत नाही. पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, घरात आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. जवळच्या ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या सरकारी कार्यालयात, वेळ मिळत नसेल तर शहरातलं कुठलंही चालतं, आणि रद्द झालेल्या वेळा पहाटे-सकाळी साइटवर दिसत राहतात. डिपॉझिट एकदम मागितलं असेल तर हेही माहीत असू द्या: ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे.

लोक एकमेकांचा विचार करतात, पण गाजावाजा न करता. रस्त्यावरच्या कचरापेटीपाशी रिकाम्या बाटल्या बाहेर मांडून ठेवलेल्या पाहिल्यात? एकदा वापरायची प्लास्टिकची बाटली किंवा कॅन परत केला की २५ सेंट मिळतात, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीचे ८. बाटल्या गोळा करून काही जण पोट भरतात. त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून त्या बाहेर ठेवतात. फुटपाथवर पुस्तकांचं, कपबशांचं खोकं दिसलं आणि त्यावर 'त्सू फेरशेंकेन' (फुकट न्या) लिहिलेलं असलं तर खुशाल घ्या, माझ्या घरातला दिवा तिथूनच आलाय.

राहता राहिला नुसत्या इंग्रजीवर भागेल का, हा प्रश्न. ऑफिसात भागेल, मित्रमंडळातही. पण पत्रं, डॉक्टरचा फोन, आणि खालचे आजोबा यांच्यासाठी जर्मन लागेल. बर्लिनच्या प्रत्येक जिल्ह्याची फोल्क्सहोखशूल, म्हणजे प्रौढांसाठीची सार्वजनिक शिक्षणसंस्था असते, तिचे वर्ग खासगी क्लासपेक्षा बरेच स्वस्त असतात आणि लवकर भरतात. हिवाळ्याआधी नाव घाला. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, त्या दिवसांत संध्याकाळी ठरलेल्या वेळी कुठेतरी जायचं असणं फार उपयोगी पडतं. पिवळं पाकीट निघालं तर त्यातल्या तारखा इथे लिहा, पुढे काय करायचं ते मी सांगते.