पाटीवरचा जाड स्लॅब आणि मराठी अक्षरांची उंची

तुमची पोस्ट वाचली आणि परळच्या आमच्या स्टेशनरीच्या दुकानाची पाटी आठवून पुन्हा डोकं तापलं. बेकरीचं इंग्रजी नाव जुन्या पोस्टरसारख्या जाड स्लॅब सेरिफमध्ये (अक्षरांच्या टोकांना चौकोनी ठोकळे असलेला फाँट) झकास बसलंय, पण वरचं मराठी नाव त्यापुढे बारकं दिसतंय, असं तुम्ही लिहिलंय. फाँट बदलत बसू नका. आधी पाटीवाल्याला विचारा, उंची कुठून कुठवर धरली.

आमच्या नावात वर रफार-वेलांटी, खाली ऊकार. पाटीवाल्यानं रफाराच्या टोकापासून ऊकाराच्या तळापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटल अक्षराएवढी केली. म्हणजे शिरोरेखेपासून पायापर्यंतचं मूळ अक्षर जेमतेम निम्मं उरलं. तक्रार केली तर महाशयांनी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी शब्द धरून उभा ताणला! शिरोरेखा जाडजूड, काने काटकुळे. वर ऐकवलं, ‘मोजून घ्या, साइझ सेम आहे.’ पत्रा कापून झाला होता, ॲडव्हान्स त्याच्या खिशात, आणि दुसऱ्या पाटीचा खर्च आमच्या माथी. राज्यात २०२२ पासून मराठी नाव आधी आणि मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत, असा नियम आहे, त्यामुळे तशीच टांगायचीही सोय नाही. (मी वकील नाही, नेमकं कलम तुम्ही वाचा.) माझ्या मते शिरोरेखा ते अक्षराचा पाय एवढंच इंग्रजी कॅपिटलशी जुळवावं, थोडं मोठंच ठेवावं, आणि मात्रा-उकारांना वर-खाली वेगळी जागा सोडावी. ऑर्डरच्या कागदावर हे लिहून घ्या.

आता दिसण्याचं. देवनागरीला पायाशी ठोकळे लावलेला फाँट शोधू नका, हे अगदी वैयक्तिक मत, टायपोग्राफर मंडळी भांडतील. इंग्रजी स्लॅब फाँटांत १८४५ चा क्लॅरेंडन घ्या नाहीतर १९३४ चा रॉकवेल, तिथे अक्षरं सुटी उभी असतात, म्हणून तो रुंद पाया त्यांना शोभतो. आपल्याकडे आडव्या पट्टीचं काम शिरोरेखाच करते. खालीही पट्ट्या आल्या की काने एकमेकांना टेकतात आणि शब्दाचा पिंजरा होतो. त्यापेक्षा जाड, टोकं सपाट कापलेला देवनागरी फाँट घ्या आणि आडव्या-उभ्या रेघांची जाडी इंग्रजीशी जुळवा. ‘क्ष’, ‘भ’, ‘ध’ यांच्या पोटातली जागा बुजते का, ते ए४ कागदावर छापून रस्त्यापलीकडून बघा. स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.

स्लॅबचा हट्ट नसेल तर यात्रा वन हा फाँट बघा. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो केलाय, आणि ओपन फाँट लायसन्सवर असल्यानं दुकानाच्या पाटीला फुकट वापरता येतो. विकतच्या फाँटची ट्रायल फाइल मात्र पाटीवर चढवू नका. पाटीवाल्याला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच (म्हणजे फाँटऐवजी नुसत्या आकारांत बदलून) द्या, नाहीतर त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात.

कट लेटर्स, म्हणजे कापून चिकटवलेली सुटी अक्षरं, करणार असाल तर एक अजून. शिरोरेखेमुळे मराठी शब्द सलग एक लांब तुकडा होतो. तो मधे जोडायचा असेल तर जोड दोन अक्षरांच्या मधोमध घ्यायला सांगा, कान्यावर नको. अनुस्वार सुटा तुकडा असतो, त्याला नुसता गोंद चालत नाही, मागून स्क्रू मागा. आमच्या शेजाऱ्यांचा पहिल्याच पावसाळ्यात गटारात गेला.