एजन्सी बदलण्याआधी खाती कुणाच्या नावावर आहेत ते बघा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कुडाळहून कोकम, आगळ, काजू आणि मालवणी मसाला विकताय. आठ महिने एजन्सी जाहिराती बघतेय. ऑर्डरी येतात, पण बहुतेक सीओडी (माल हातात आल्यावर पैसे), आणि दहातली तीन पार्सलं परत. एजन्सी म्हणते बजेट वाढवा. तुम्ही विचारलंय, दुसरी चांगली एजन्सी कोणती आणि एखादं ऑटोमेशनचं टूल घ्यावं का. पण मधेच तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात: "लॉगिन मागितलं तर म्हणतात, ते आमच्या सिस्टिममध्ये असतं, तुम्हाला लागणार नाही." मी त्या वाक्याशीच अडले. टूलचं नंतर बोलू.

आमचं सोलापूरला चादरी, टॉवेल, नॅपकिनचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासून. ऑनलाइन विक्री सुरू केली तेव्हा एका एजन्सीला काम दिलं. नाव घेणार नाही, ते आता इथे महत्त्वाचंही नाही. वेबसाइट त्यांनी बनवली, फेसबुक-इन्स्टाची पानं त्यांनी उघडली, जाहिराती त्यांनी चालवल्या. लॉगिनचं विचारलं की हेच उत्तर, अगदी याच शब्दांत. काम चालू होतं, ऑर्डरी येत होत्या, संबंध गोड होते. मग त्यांनी मासिक फी वाढवली, आम्ही नको म्हटलं, आणि तेव्हा कळलं की आमच्या दुकानाच्या नावाचं जे काही इंटरनेटवर होतं त्यातलं जवळजवळ काहीच आमच्या नावावर नव्हतं.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, एजन्सीच्या मालकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर. फेसबुकचं पान त्यांच्या बिझनेस पोर्टफोलिओत (पानं आणि जाहिरात खाती एकत्र ठेवायची फेसबुकची जागा). ॲड अकाउंट त्यांचं, पिक्सेल (साइटवर कोण काय करतं ते जाहिरात खात्याला कळवणारा कोड) त्यांचा. व्हॉट्सॲप एपीआयचा (सॉफ्टवेअरमधून आपोआप मेसेज पाठवायची सोय) नंबर त्यांच्या खात्यातून घेतलेला. रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीला, फोन केला तर त्यांनी सांगितलं, नोंद ज्याच्या नावावर आहे त्याच्याशीच आम्ही बोलू शकतो. नियमाने ते बरोबरच होतं. एजन्सीने डोमेन देण्यासाठी जी रक्कम मागितली ती ऐकून सासरे दिवसभर जेवले नाहीत. आणि हे सगळं थंडीच्या तोंडावर. चादरीचा धंदा थंडीचाच असतो, त्या दोन-तीन महिन्यांवर आमचं वर्ष उभं असतं.

आम्ही पैसे दिले नाहीत, नवं डोमेन घेतलं. पण हजारो पिशव्यांवर आणि लेबलांवर जुना पत्ता छापलेला होता, क्यूआर कोड जुन्या साइटवर जात होता. गूगलवर "सोलापुरी चादर" शोधल्यावर आमचं पान जे हळूहळू वर आलं होतं, ते त्या जुन्या पत्त्याबरोबर गेलं. लोकांनी लिहिलेले अभिप्राय गेले. जाहिरातीतून कोण घेतं, कोण नुसतं बघतं, हे पिक्सेलला जे काही कळलं होतं तेही तिकडेच राहिलं. पुढे आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना दुसऱ्याच कुणाच्या चादरींचे मेसेज येऊ लागले. त्याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. पण ते नंबर आमच्याशिवाय फक्त एकाच ठिकाणी होते.

राग अजून आहे, कारण यातलं काहीही तांत्रिकदृष्ट्या गरजेचं नव्हतं. एजन्सीला काम करायला मालकी लागत नाही. फेसबुकवर पान आणि ॲड अकाउंट आपल्या पोर्टफोलिओत ठेवून एजन्सीला पार्टनर म्हणून जोडता येतं. गूगल ॲड्समध्ये त्यांचं मॅनेजर खातं आपल्या खात्याला जोडता येतं आणि हवं तेव्हा तोडता येतं. शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान चालवायची सेवा) कोलॅबोरेटर, म्हणजे सहकारी, म्हणून प्रवेश देता येतो, स्टोअर ओनर आपणच राहतो. प्रामाणिक माणसं अशीच कामं करतात. "तुम्हाला लागणार नाही" म्हणणाऱ्याला फक्त तुम्ही निघून जाऊ नये एवढंच हवं असतं. हे माझं ठाम मत आहे, कुणाला कडक वाटलं तरी.

तर तुमच्यासाठी पहिली गोष्ट: एजन्सी सोडणार आहोत हे आत्ता बोलू नका. भांडू नका. आधी सगळं आपल्या हातात घ्या. कारण म्हणून सीएचं नाव सांगा, "ऑडिटसाठी सगळ्या खात्यांची यादी हवी आहे" म्हणा. ते खोटंही नाही, हिशेबाला ती लागतेच.

सुरुवात डोमेनपासून, कारण बाकी सगळं नव्याने उभं करता येतं, पत्ता नाही. हूइजमध्ये (डोमेनची जाहीर नोंदवही) शोधून हल्ली नाव बहुधा झाकलेलंच दिसतं, म्हणून रजिस्ट्रारच्या खात्यात आत जाऊन बघा: रजिस्ट्रंट, म्हणजे डोमेनचा नोंदणीधारक, म्हणून कुणाचं नाव आहे, ईमेल कुणाचा आहे, मुदत कधी संपते. नाव तुमचं नसेल तर ते बदलून घ्या, नाहीतर डोमेन तुमच्या स्वतःच्या खात्यात ट्रान्सफर करून घ्या, त्याला ऑथ कोड लागतो, म्हणजे डोमेन हलवायचा गुप्त कोड. डॉट कॉम नुकतंच घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं असेल तर ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, हे धरून चला. डीएनएस, म्हणजे तो पत्ता कुठल्या सर्व्हरकडे जातो याची नोंद, कुठे आहे तेही लिहून घ्या.

मग पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घेणारी सेवा. तिथे बँक खातं तुमचंच आहे ना, एवढं आजच बघा. हे कुणाला सुचत नाही.

मग फेसबुक. पानाचा पूर्ण ताबा तुमच्या पोर्टफोलिओकडे हवा. ॲड अकाउंट त्यांच्या पोर्टफोलिओत जन्मलेलं असेल तर ते तुमच्या मालकीत सहसा हलत नाही, त्यासाठी वाद घालण्यात वेळ घालवू नका. आपलं नवं अकाउंट उघडा, पिक्सेल आपला नवा लावा आणि तो आत्तापासूनच साइटवर जुन्याच्या शेजारी चालू ठेवा, म्हणजे सोडायच्या दिवशी तो कोरा नसेल. गूगल ॲड्सचं बरं आहे, तिथे ॲडमिन हक्क मिळाला की जुन्या सगळ्या नोंदींसकट खातं आपल्याकडे राहतं. गूगलचं सर्च कन्सोल (शोधात साइट कशी दिसते), ॲनालिटिक्स (साइटवर कोण येतं), मर्चंट सेंटर (मालाची यादी), बिझनेस प्रोफाइल (नकाशावरची दुकानाची नोंद) या चारही ठिकाणी स्वतःचा जीमेल सर्वोच्च हक्काने जोडून घ्या. बिझनेस प्रोफाइलवर "मॅनेजर" नको, "प्रायमरी ओनर" हवं. ॲनालिटिक्समध्ये गेलात की डेटा रिटेन्शन (तपशील किती दिवस जपायचा) बघा, मुळात ते २ महिन्यांवर असतं, १४ करून ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी ठरावीक रिपोर्ट दिसतात, पण गेल्या हंगामाशी खोलात जाऊन तुलना करता येत नाही.

आणि ऑर्डरींची संपूर्ण यादी, नाव-नंबर-पिनकोडसकट, आज डाउनलोड करा. रात्र जाऊ देऊ नका.

आता एजन्सी जो रिपोर्ट पाठवते त्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की ते "रोआस ४ आहे" म्हणतात, म्हणजे १ रुपयाच्या जाहिरातीवर ४ रुपयांची विक्री. हा आकडा खरा असूनही तुम्ही तोट्यात असू शकता. समजा ऑर्डर ६०० रुपयांची. माल आणि पॅकिंग ३३०, कुरिअर ८०, सीओडीचा आकार ३०. उरले १६०. दहा ऑर्डरींसाठी जाहिरातीला १,५०० गेले. रिपोर्टात विक्री ६,०००, रोआस ४, सगळे खूश. पण सातच पार्सलं पोहोचली: ७ गुणिले १६०, म्हणजे १,१२०. परत आलेल्या तीन पार्सलांचं जाणं-येणं धरा प्रत्येकी १५०, म्हणजे ४५० गेले. १,१२० वजा ४५० वजा १,५००. तुमच्या खिशातून ८३० रुपये गेले, तेही माल धड परत आला असं धरून. जाहिरातीवरचा १८ टक्के जीएसटी यात धरलेलाच नाही. यात बजेट दुप्पट केलं की तोटा दुप्पट होतो. हे गणित तुमच्या आकड्यांनी एकदा मांडा आणि एजन्सीला दाखवा. त्यांचं तोंड बघण्यासारखं होईल म्हणून नाही, तर त्यांच्याकडे परत आलेल्या पार्सलांचा हिशेबच नसतो म्हणून. त्यांचा पिक्सेल "ऑर्डर झाली" इथेच थांबतो.

आणि जाहिरातीचं बिल कुणाच्या कार्डावर जातं? आमची एजन्सी "डिजिटल मार्केटिंग सेवा" अशा एका ओळीचं बिल द्यायची. त्यात फेसबुकला किती गेले आणि त्यांना किती, हे आजही मला सांगता येत नाही. तुमचं कार्ड, तुमचा जीएसटी नंबर थेट ॲड अकाउंटला लावा. एजन्सीला फक्त तिची फी द्या. जीएसटी नोंदणी असेल तर जाहिरातीवरच्या कराचं क्रेडिटही तुम्हालाच मिळतं. तपशील सीएला विचारा, मी त्यातली जाणकार नाही.

तुमची खरी गळती सीओडीची आहे, त्याला नवं टूल लागत नाही. ऑर्डर आली की पार्सल बांधण्याआधी व्हॉट्सॲपवर एक मेसेज: "ऑर्डर मिळाली, पत्ता हा आहे, पाठवू का?" उत्तर नाही आलं तर फोन. फोनही नाही उचलला तर पाठवू नका. आम्ही हे सुरू केल्यावर ऑर्डरी कमी दिसू लागल्या, परतीही कमी झाल्या आणि हाती पैसे जास्त राहिले. यूपीआयने आधी पैसे भरणाऱ्याला थोडी सूट द्या. आणि ज्या पिनकोडवरून पार्सलं सारखी परत येतात तिथे सीओडी बंदच करा, यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. तुमच्याकडे आगळ बाटलीतून जातं, फुटलेली बाटली परत आली तर ती विकता येत नाही, त्यामुळे तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त गरज आहे.

व्हॉट्सॲपचं एपीआय तुम्ही विचारलंय. माझ्या मते इतक्यात नको. साध्या बिझनेस ॲपमध्ये कॅटलॉग, लेबल, ठरावीक उत्तरं सगळं आहे. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो, हे मात्र लोक विसरतात. म्हणून पार्सलात एक चिठ्ठी टाका: "हा नंबर सेव्ह करा, नवा कोकम आला की कळवू." कोकम, मसाला हा संपणारा माल आहे. एकदा आवडला की गिऱ्हाईक परत येतंच, फक्त त्याला आठवण हवी. आमच्या चादरीला ते सुख नाही, चादर वर्षानुवर्षं टिकते.

पुढे कधी एपीआय घेतलंच तर नंबर आणि खातं तुमच्या पोर्टफोलिओत उघडायला लावा. एसएमएस पाठवणार असाल तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमांप्रमाणे डीएलटीवर (धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी व्यवस्था) नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), टेम्प्लेट (मेसेजचा मसुदा) सगळं तुमच्या फर्मच्या नावाने. एजन्सीच्या हेडरवरून "तात्पुरतं" नको.

नवी एजन्सी शोधायचीच असेल तर फॉलोअर किती वाढवाल हे विचारू नका. पहिल्या भेटीत एवढंच विचारा: "खाती आमच्या नावावर, तुम्ही पार्टनर म्हणून, चालेल?" लगेच हो म्हणाले तर पुढे बोला. करारात लिहून घ्या की डोमेन, साइट, पानं, ॲड अकाउंट, फोटो, व्हिडिओ आणि गिऱ्हाइकांची यादी दुकानाची. काम थांबलं की ७ दिवसांत सगळा प्रवेश सोडायचा. आणि गिऱ्हाइकांचे नंबर दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचे नाहीत. फोटोंचं लिहायला विसरू नका, आमचे तेही गेले.

जमल्यास ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज करून ठेवा. व्यक्तीसाठी किंवा लहान उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. डोमेनवरून वाद झाला तर तो हाताशी असलेला बरा. मसाला वेगळ्या वर्गात आणि काजू वेगळ्या वर्गात येऊ शकतो, म्हणून एखाद्या जाणकाराला दाखवा.

हे सगळं एका दुकानाच्या अनुभवावरचं आहे. मेनूंची नावं सारखी बदलतात, नियमही बदलतात, कायद्याच्या बाबतीत वकिलालाच विचारा. सगळ्याच एजन्सी वाईट असंही म्हणायचं नाही. आज आमचं काम एक मुलगी बघते, तिला आम्ही दिलेला प्रवेश पुरतो आणि तिने कधी जास्त मागितला नाही.

डोमेन कुणाच्या नावावर निघालं ते इथेच कळवा. त्यांनी ते सोडायला नकार दिला तर डॉट इनसाठी निक्सीच्या (डॉट इन नावं सांभाळणारी संस्था) आयएनडीआरपी या डोमेनवाद सोडवण्याच्या धोरणाखाली तक्रार करता येते, डॉट कॉमला तसंच यूडीआरपी आहे. दोन्हींना खर्च येतो, वेळ लागतो, आणि दोन्हींत नावावरचा तुमचा हक्क दाखवावा लागतो. तेव्हा जुनी बिलं, पहिल्या दिवसापासूनचे एजन्सीबरोबरचे ईमेल आणि व्हॉट्सॲप चॅट आत्ताच एका फोल्डरमध्ये काढून ठेवा.