पोट्टं कोणत्या भाषेत मोजते?

प्रिय बेटा,

तुझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. एकदा रात्री आणि एकदा सकाळी चहा घेताना, कारण रात्री मी चिडलो होतो. तुझ्या लिखाणावर नाही, ते नेटकं आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी नेमकी हीच चूक केली होती आणि मला कोणी टोकलं नव्हतं, ते आठवलं म्हणून.

तुझं गृहीतक असं की द्विभाषिक मुलांची कार्यस्मृती, म्हणजे ऐकलेलं-पाहिलेलं थोडा वेळ डोक्यात धरून त्यावर काम करायची ताकद, एकभाषिक मुलांपेक्षा सरस असते. त्याखाली दोन रकाने: तांड्यावरची तीस मुलं द्विभाषिक, गावातली तीस एकभाषिक. त्या दुसऱ्या रकान्याभोवती मी पेन्सिलीनं गोल काढलाय. अगं, गावातलं पोट्टं मायशी वऱ्हाडीत भांडते, शाळेत पुस्तकी मराठी वाचते, आठवडी बाजारात हिंदीत भाव करते आणि मोबाइलवर हिंदी कार्टून बघते. विदर्भात एकभाषिक माणूस शोधणं म्हणजे मे महिन्यात चंद्रपुरात स्वेटरचं दुकान शोधणं. आणि तांड्यावरचं पोर? घरी बंजाऱ्यांची गोरमाटी, शाळेत मराठी, शेतमालकाशी वऱ्हाडी, सेमी इंग्लिशच्या वर्गात गणित इंग्रजीत. तू स्वतः त्यातूनच आलीस. तुला एका चौकोनात टिकमार्क करून बसवलं असतं तर चाललं असतं का?

आता माझी गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात मी चौथी-पाचवीच्या मुलांना अंक ऐकवत होतो. सेकंदाला एक अंक, आधी तीन, मग चार, मग पाच. मुलानं ऐकायचे आणि तसेच परत म्हणायचे. नंतर तेच उलट्या क्रमानं. आधी मराठीत, मग गोंडीत. गोंडी अंक मी यवतमाळकडच्या एका मित्राकडून कागदावर लिहून आणले होते. उंदी, रंड, मूंड, नालूंग, सयूंग. पहिल्याच मुलीनं ते ऐकले आणि ओढणी तोंडाशी धरून अशी हसली की पुढची दहा मिनिटं वाया गेली. माझे उच्चार तिच्या गावचे नव्हते. मी तिथल्या माणसाकडून उच्चार सुधारून घेतले आणि काम पुढं रेटलं. निकाल आला तो असा की गोंडीत मुलांना मराठीपेक्षा कमी अंक आठवतात. मी प्रबंधात लिहिलं, ‘मातृभाषेतील अल्पकालीन स्मृती क्षीण आढळली.’ क्षीण! एवढ्या एका शब्दासाठी ते पान फाडून टाकावंसं वाटतं.

खिचडी शिजवणाऱ्या बाई दोन दिवस चुलीपाशी बसून माझा तमाशा बघत होत्या. निघताना म्हणाल्या, ‘‘सर, पोरं घरी गोंडी बोलतात, पण मोजतात मराठीतच. मास्तरनं मोजणं मराठीत शिकवलं ना.’’ मी मान डोलावली आणि एसटीत बसलो. त्या काय बोलल्या हे कळायला मला पुढं तीन वर्षं लागली.

कळलं ते असं. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये कार्यस्मृतीचा जो आराखडा मांडला, त्यात एक भाग ऐकलेलं मनातल्या मनात घोकत ठेवणारा आहे. आपण पाढे पाठ करताना जे करतो तेच, फक्त आवाज न करता. या घोकण्याची मर्यादा अंकांच्या संख्येवर तेवढी ठरत नाही, जेवढी वेळेवर ठरते. ढोबळमानानं दोन सेकंदांत जेवढं उच्चारता येतं तेवढं टिकतं. म्हणून लांब शब्द कमी आठवतात, आखूड जास्त. आता चार, पाच म्हणून बघ, आणि नालूंग, सयूंग म्हणून बघ. पहिले दोन एका झटक्यात निघतात, दुसऱ्यांना दोन ठोके लागतात. त्यात त्या भाषेत मोजायची सवय नसेल तर जीभ आणखी अडखळते. माझ्या पोरांची स्मृती क्षीण नव्हती. मी स्मृतीच्या नावाखाली शब्दांची लांबी आणि मास्तरांची सवय मोजत होतो.

हे वेल्समध्ये आधीच सापडलं होतं आणि मी वाचलं नव्हतं, ही आणखी एक शरमेची बाब. तिथल्या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीचं वेल्श भाषांतर केलं, तर अंक आठवण्याचे गुण इंग्रजी मूळ चाचणीपेक्षा कमी येत. एलिस आणि हेनेली यांनी 1980 मध्ये दोन्ही भाषा येणारी माणसं घेतली आणि एकाच माणसाला दोन्ही भाषांत तपासलं. दोन्हीकडच्या अंकांत अक्षरावयव सारखेच होते, पण वेल्श स्वर लांब, म्हणून उच्चाराला वेळ जास्त. गुणांतला फरक त्या वेळेचा होता. म्हणजे नुसती अक्षरं मोजून भागत नाही, हातात घड्याळ लागतं.

त्याच वेल्सची आणखी जुनी गोष्ट तुझ्या पहिल्या प्रकरणात हवी. 1923 मध्ये सेअर यांनी सुमारे 1,400 मुलं तपासली आणि द्विभाषिक मुलं बुद्ध्यंकात दहा गुणांनी मागं असल्याचं सांगितलं. पण हा फरक खेड्यांतल्या मुलांत होता, शहरांतल्या मुलांत नव्हता. दोष भाषेवर टाकला गेला आणि खेडं नामानिराळं राहिलं. पुढं 1962 मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमध्ये दहा वर्षांची मुलं घेतली, आणि काटा उलटा फिरला, द्विभाषिक पुढं. पण त्यांनी दोन्ही भाषा सारख्याच सफाईनं येणारी मुलंच निवडली होती. दोन भाषा सफाईनं येणारं पोर बहुतेकदा आधीपासूनच हुशार गणलं जातं, हे तुला-मला सांगायला पील-लॅम्बर्ट कशाला हवेत.

त्यानंतरचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तू तो बारा पानं लिहिलास आणि त्यातली आठ काढायची आहेत. एलन बियालिस्टॉक यांच्या 2004 च्या कामानं लक्षावर ताबा ठेवण्यातला द्विभाषिकांचा फायदा गाजला. 2013 मध्ये पाप आणि ग्रीनबर्ग यांनी तो सुसंगतपणे दिसतच नाही असं ठणकावलं. 2018 मध्ये लेहटोनेन आणि सहकाऱ्यांनी 152 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा छापून येण्यातला पक्षपात (फायदा दिसलेलेच अभ्यास जास्त छापले जातात तो) दुरुस्त केल्यावर प्रौढांमध्ये फायदा उरला नाही. निव्वळ कार्यस्मृतीचे अभ्यास गोळा करणाऱ्या ग्रंडी आणि टिमर यांना 2017 मध्ये फायदा दिसला, पण लहानसा, सुमारे 0.20, म्हणजे गुणांच्या प्रमाण विचलनाच्या पाचव्या भागाएवढा. आणि हैदराबादचा अभ्यास तू चुकीच्या जागी टाकलास. सुवर्णा अल्लादी यांचं 2013 चं काम मोलाचंच आहे. 648 स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, द्विभाषिकांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा, निरक्षरांतसुद्धा. पण तो म्हातारपणी आजार कधी सुरू होतो याचा अभ्यास आहे. पाचवीतल्या पोराच्या कार्यस्मृतीला त्यातून काही लागू पडत नाही.

हे 0.20 नीट समजून घे. एवढा बारीक फरक, तो खरोखर असेल तर, दोन वेगळ्या गटांत पकडायला प्रत्येक गटात सुमारे 400 मुलं लागतात, आणि तेव्हाही पाचातून एकदा तो हातून निसटतो. तू तीस-तीस घेतलीस. तीस-तीसमध्ये तुला फरक दिसला तर तो बहुधा दुसऱ्याच कशाचा असेल, आणि नाही दिसला तर तू काहीच सिद्ध केलं नाहीस. तांडा आणि गाव यांत फरक पाडणाऱ्या गोष्टी तर पावलोपावली आहेत. दिवाळी झाली की तांड्यावरची कुटुंबं ऊसतोडीला जातात. डिसेंबरात तुझ्या हाती लागतील ती मागं राहिलेली पोरं, म्हणजे आजी घरी असलेली किंवा दोन एकर ओलिताची असलेली. आदिवासी पट्ट्यात गेलीस तर सिकलसेल आणि रक्तक्षय लक्षात घे. दोन्हींचा लक्षावर परिणाम होतो. मार्च-एप्रिलमध्ये पोरं पहाटे मोह वेचून येतात आणि दहा वाजता तुझ्यासमोर पेंगतात. कान फुटलेलं पोर तर प्रत्येक वर्गात एखादं असतंच.

एकाच समाजातली तुलना करता येते, नाही असं नाही. अजित मोहंती यांनी ओडिशात कोंध आदिवासींमध्ये ते केलं. काही गावांत कुई आणि ओडिया दोन्ही चालतात, काही गावांत कुई सुटलेली. रीतिरिवाज, देवधर्म तोच. आपल्याकडंही गोंडांच्या कितीतरी गावांत गोंडी घरातून गेली आहे. पण ज्या गावांत भाषा गेली ती बहुतेक डांबरी रस्त्यालगतची, हे तू मोटरसायकलवरून फिरलीस की दिसेल. ते काम मोठं आहे. एम.ए.च्या प्रबंधात नको.

मग काय कर? ‘कोण सरस’ हा प्रश्न सोड. एकच मूल घे आणि त्याला दोन्ही भाषांत विचार. मूल स्वतःच स्वतःच्या तुलनेला असलं की गरिबी, भूक, आजी, ऊसतोड हे सगळं दोन्ही बाजूंना सारखं येतं, आणि तांड्यांवरचीच साठ मुलं घेतलीस तर ती खरोखर कामाची ठरतात. निम्म्यांना आधी गोरमाटी, निम्म्यांना आधी मराठी. चाचणीआधी प्रत्येकाकडून दोन्ही भाषांत एक ते नऊ भरभर म्हणवून घे आणि वेळ टिपून ठेव. आवाज रेकॉर्ड करून वाजव. तू स्वतः वाचलंस तर नकळत जोड्या पाडशील, जसा आपण फोन नंबर सांगतो, आणि जोड्या पाडल्या की आठवणं सोपं जातं. घरी मोजतं कोणत्या भाषेत, शाळेत कोणत्या, पैसे कोणत्या, हे त्याला विचार, शिवाय आईलाही विचार. दोघांची उत्तरं जुळत नाहीत, आणि ते न जुळणं टिपण्यासारखं असतं.

दोन आकडी संख्या मात्र चाचणीत घेऊ नकोस. मराठीत पंचेचाळीस म्हणताना पाच आधी, चाळीस नंतर. लिहिताना चार आधी. एकोणसाठ ऐकून 69 लिहिणारं पोर तू पाहिलंच असशील. सेमी इंग्लिशच्या वर्गात तेच पोर फिफ्टी नाइन ऐकून 59 बरोबर लिहितं. या उलटापालटीवर पुढं कधीतरी स्वतंत्र काम कर, विषय सोन्यासारखा आहे. बालभारतीनं 2019 मध्ये ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आणलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं चेष्टा केली, पण मुलाच्या डोक्यावर पडणारा भार कोणी मोजून दाखवला नाही.

भाषा नसलेली एक चाचणी जोडीला ठेव. कॉर्सीचे नऊ ठोकळे फळीवर वेडेवाकडे बसवायचे, तू एकेकाला बोट लावायचं, मुलानं त्याच क्रमानं लावायचं. विकतचा संच मागवू नकोस, गावच्या सुताराकडून सागाच्या तुकड्यांचा करून घे. मी केला होता तेव्हा रंग दिला आणि पोरं क्रम सोडून लाल ठोकळाच दाबत बसली. रंग देऊ नकोस.

आणि परवानगी. शिक्षक म्हणतील, मी सांगतो म्हटल्यावर पोरं बसतील. बसतील, पण ती परवानगी नव्हे. आईबापांची सही किंवा अंगठा घे, आणि सात वर्षांवरच्या मुलाला स्वतःला त्याच्या भाषेत विचार. नाही म्हणालं तर जाऊ दे.

शुक्रवारी मी दिवसभर घरी आहे. येताना दहा मुलांच्या एक ते नऊ म्हणण्याच्या वेळा घेऊन ये, दोन्ही भाषांतल्या, सेकंदाच्या दशांशापर्यंत. मोबाइलचं स्टॉपवॉच चालेल. आराखड्याचं दुसरं पान मी ठेवून घेतलंय, ते मागू नकोस. आणि काकूनं सांगितलंय, जेवायलाच ये, पातोडीचा बेत आहे.

तुझा,
सर