परदेशी कामावर गेल्यावरचे पहिले पंधरा दिवस: वाचकांचे प्रश्न

कामासाठी काही आठवडे किंवा महिने परदेशी राहायला गेलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांचा सूर 'इथं मन लागत नाही' असा आहे. पत्र पुढे वाचत गेलं की झोप, खोली, फोन नाहीतर पैसे यांतलं काहीतरी बिनसलेलं दिसतं. ते आधी मार्गी लावा, मग गावाबद्दल मत बनवा, असा आमचा आग्रह आहे.

प्रश्न: चार महिन्यांच्या कामासाठी येऊन आठ दिवस झाले. शहर रुक्ष वाटतं, ऑफिसातली माणसं तुटक बोलतात. हे ठिकाण मला मानवणार नाही असं कंपनीला आत्ताच कळवावं का?

उत्तर: आत्ता कळवू नका. आठव्या दिवशीच्या मतात गाव थोडं असतं आणि तुमचा थकवा पुष्कळ असतो. परक्या देशात होणाऱ्या या घालमेलीला 'कल्चर शॉक' हे नाव रूढ झालं ते मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांच्यामुळे. १९५४ साली रिओ दि जानेरोमधल्या एका व्याख्यानात त्यांनी तिचे टप्पे मांडले: आधी नवलाई, मग वैताग, मग हळूहळू रुळणं. हा क्रम अजूनही कंपन्यांच्या प्रशिक्षणात शिकवला जातो. त्यामुळे ज्याला पहिल्याच आठवड्यात वैताग येतो त्याला वाटतं, आपल्यातच काही खोट आहे. तसं नाही. न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोचल्यापासून वर्षभर पाहणी केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत जास्त त्रास पोचल्या पोचल्याच दिसला, नंतर तो उतरत गेला. तिकीट कुठून काढायचं, दार ढकलायचं की ओढायचं, रांग कुठून सुरू होते, अशा प्रत्येक बारीक गोष्टीला सुरुवातीला डोकं लावावं लागतं. संध्याकाळपर्यंत त्यानेच माणूस दमतो.

एक वही करा. पानाच्या डाव्या बाजूला घडलं ते लिहा, उजव्या बाजूला त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ. 'मॅनेजरने ईमेलला एका ओळीत उत्तर दिलं' हे डावीकडे, 'त्यांना माझं काम पसंत नाही' हे उजवीकडे. पंधरा दिवसांनी फक्त उजवी बाजू वाचा आणि जे आता पटत नाही ते खोडा. दुसरं म्हणजे, ऑफिसातल्या अशा सहकाऱ्याला गाठा जो स्वतः दोन-तीन वर्षांपूर्वीच बाहेरून आला आहे. त्याला नेमकं विचारा: इथे 'नाही' कसं म्हणतात, ईमेलला किती वेळात उत्तर अपेक्षित असतं, मीटिंगमध्ये कोणी गप्प राहिलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा. तिथेच जन्म गेलेल्याला हे सांगता येत नाही, कारण त्याला ते कधी वेगळं जाणवलेलंच नसतं.

मात्र घर असुरक्षित असेल, भत्ता ठरल्याप्रमाणे मिळत नसेल किंवा काम कबूल केल्यापेक्षा भलतंच निघालं असेल, तर पंधरा दिवस थांबू नका. त्याच दिवशी लेखी कळवा.

प्रश्न: पूर्वेकडे आठ तासांच्या फरकाने आलो आहे. रात्रभर टक्क जागा असतो आणि सकाळच्या मीटिंगला डोळे मिटतात. कोणीतरी सांगितलं म्हणून पहाटे उठून उन्हात चालतो, तरी फरक नाही. काय चुकतंय?

उत्तर: पहाटेचं चालणंच आड येतंय. 'सकाळचं ऊन घ्या' हा सल्ला चार-पाच तासांच्या फरकापर्यंत चालतो, आठ तासांच्या फरकाला पहिले काही दिवस तो उलटतो.

शरीराचं तापमान रोज ज्या वेळी सर्वांत खाली जातं, ती वेळ साधारण तुमच्या नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधीची असते. त्या वेळेनंतर डोळ्यांवर उजेड पडला तर आतलं घड्याळ पुढे सरकतं, त्याआधी पडला तर मागे. तुम्ही घरी सातला उठत असाल तर ही वेळ पहाटे चारच्या सुमारास येते. पूर्वेला आठ तास गेल्यावर तुमचं शरीर ती वेळ नव्या गावातल्या दुपारी बाराला पाळतं. म्हणजे सकाळी सहा-सातचं ऊन शरीराच्या हिशेबात चुकीच्या बाजूला पडतं आणि घड्याळाला मागे ओढतं.

म्हणून पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत झगझगीत उजेड टाळा. पडदे ओढून घ्या, बाहेर पडावंच लागलं तर गडद गॉगल लावा, पण गाडी चालवताना नको. बारा ते तीन या वेळात बाहेर, उघड्यावर राहा. ढगाळ दिवसाचा उजेडसुद्धा ऑफिसातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. दुसऱ्या दिवशी हीच वेळ अकरापासून, तिसऱ्या दिवशी दहापासून, असं रोज एक तास अलीकडे आणा. पूर्वेकडे जाताना घड्याळ रोज साधारण तासभरच सरकतं, त्यामुळे आठवडा जाणार हे धरूनच चाला. पश्चिमेकडे गेलेल्यांना हे सोपं जातं. माणसाचं आतलं घड्याळ मुळात चोवीस तासांहून थोडं मोठं असल्याने त्याला लांबवणं सोयीचं पडतं. त्यांनी दुपारी उशिरा आणि संध्याकाळी उजेडात राहायचं, एवढंच.

दुपारची डुलकी घ्यायची तर २० ते ३० मिनिटांची, गजर लावून, तीनच्या आत. कॅफिनचा निम्मा अंश उतरायलाच पाचेक तास लागतात, तेव्हा झोपण्याच्या आठ तास आधी कॅफिन बंद. मेलाटोनिन (झोपेची वेळ शरीराला कळवणाऱ्या संप्रेरकाची गोळी) काही देशांत दुकानात सहज मिळतं, काही देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. घ्यायचंच असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोला. महत्त्वाच्या मीटिंगा पूर्वेला गेलेल्यांनी पहिला आठवडा दुपारी उशिरा ठेवाव्यात, पश्चिमेला गेलेल्यांनी सकाळी. आणि पहिले दोन दिवस स्वतः गाडी चालवू नका. झोपेचं कर्ज असताना परक्या बाजूने गाडी हाकणं हा खरा धोका आहे.

प्रश्न: कंपनीने दिलेल्या फर्निश्ड अपार्टमेंटमध्ये शेगडी लागतच नाही. हीटरची गोल मूठ पूर्ण फिरवली तरी खोली लवकर तापत नाही. खिडकीच्या कडेला काळे ठिपकेही आहेत. तक्रार करावी की मलाच वापरता येत नाही?

उत्तर: पहिल्या दोन गोष्टी बहुधा वापराच्या आहेत, तिसरीची तक्रार करा.

सपाट काचेच्या शेगडीवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह असतं. साफसफाई करणाऱ्याचा हात लागून ते कुलूप लागलेलं राहतं. चिन्हावर तीनेक सेकंद बोट दाबून धरलं की बहुतेक शेगड्या उघडतात. बोट आणि काच दोन्ही कोरडी हवीत. ओल्या काचेवर स्पर्श नोंदला जात नाही. शेगडी सुरू होऊन लगेच लुकलुकत बंद पडत असेल तर ती इंडक्शन आहे आणि भांडं तिला चालत नाही. भांड्याच्या तळाला चुंबक लावून पाहा. घट्ट चिकटला तरच ते भांडं चालेल. नुसतं ॲल्युमिनियम किंवा तांबं चालत नाही, स्टीलमध्येही सगळे प्रकार चालत नाहीत.

हीटर म्हणजे गरम पाण्यावर चालणारा रेडिएटर असेल आणि त्याच्या मुठीवर १ ते ५ आकडे असतील तर तो तापमानाचा नेम आहे. ३ म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअस. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त नको तितकी तापल्यावरही थांबत नाही. मुठीच्या आतच तापमान ओळखणारा भाग असतो. तिच्यावर पडदा आला किंवा पुढे सोफा सरकवलेला असला तर तिथे गरम हवा कोंडते आणि खोली गार असतानाच मूठ पाणी बंद करते. म्हणून आधी पडदा बाजूला करा. रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागत असेल तर आत हवा अडकली आहे. ती सोडायला इमारतीच्या देखभालवाल्याला बोलवा. स्वतः सोडलीत तर काळं गरम पाणी अंगावर आणि भिंतीवर उडतं, शिवाय इमारतीच्या पाण्याचा दाब उतरतो.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. आज, सामान लावण्याआधी, प्रत्येक डागाचे फोटो काढा आणि तारीख घालून घरमालकाला किंवा एजंटला ईमेल करा. नाहीतर घर सोडताना तो खर्च तुमच्या अनामतीतून कापला जाईल. पुढे वाढू नये म्हणून दिवसातून दोन-तीनदा हीटर कमी करून खिडक्या पूर्ण उघडा, थंडीत ५ ते १० मिनिटं पुरतात. खिडकी दिवसभर किलकिली ठेवणं त्याहून वाईट: हवा फारशी बदलत नाही, कडेची भिंत मात्र गार पडते आणि पाणी तिथेच धरतं. खोलीत वाळत घातलेले कपडे हे ओलीचं एक मोठं कारण असतं.

प्रश्न: इथल्या सॉकेटला अडॅप्टर लावून लॅपटॉप चार्ज करताना धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात. चार्जर बिघडला का?

उत्तर: बहुधा चार्जर ठीक आहे, अर्थिंग तुटलं आहे. तीन पिनांच्या चार्जरला तुम्ही दोन पिनांचा अडॅप्टर लावला असणार. चार्जरमधल्या, विजेतला गोंगाट गाळणाऱ्या कपॅसिटर नावाच्या भागातून अगदी थोडा प्रवाह नेहमीच झिरपतो. अर्थ असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर लॅपटॉपच्या बॉडीवर येतो आणि बोटाला कळतो. अर्थ जोडणारा अडॅप्टर घ्या, मुंग्या थांबतील. चटका बसत असेल किंवा जळका वास येत असेल तर मात्र वापर ताबडतोब थांबवा.

याच निमित्ताने: अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. चार्जरवर 'इनपुट १००–२४०' असं छापलेलं असेल तर तो जगात कुठेही चालतो. केटल, इस्त्री, हेअर ड्रायर यांवर बहुधा एकच आकडा असतो. २३० व्होल्टची १५०० वॉटची केटल जपानमध्ये १०० व्होल्टवर २८० वॉटच्या आसपास ताकद देईल, म्हणजे पाणी उकळायला फार वेळ लागेल. उलट १२० व्होल्टची इस्त्री २३० व्होल्टला लावली तर साडेतीन पटींहून जास्त ताकद खेचते आणि जळते. ही उपकरणं सामानात नेऊच नका.

प्रश्न: इथलं सिम घातल्यापासून बँकेचे ओटीपी येत नाहीत. जुनं सिम पाकिटात ठेवलं आहे.

उत्तर: जुनं सिम फोनमध्येच राहायला हवं. फोन दोन सिमांचा असेल तर जुन्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवा, पण सिम चालू ठेवा. इंटरनेट नव्या सिमवरून घ्या. मेसेज येण्यासाठी त्या सिमवर रोमिंग सेवा मुळात चालू असावी लागते. ती बाहेर गेल्यावर सुरू करणं कटकटीचं असतं, म्हणून निघण्यापूर्वीच करून एक मेसेज मागवून पाहा. सिमची एकच खाच असेल तर ई-सिमचा, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच बसवायच्या सिमचा, मार्ग आहे. *#०६# दाबल्यावर ईआयडी नावाचा क्रमांक दिसला तर फोनला ई-सिम चालतं. ते बसवायला इंटरनेट लागतं, तेव्हा विमानतळावर धडपडण्यापेक्षा घरीच बसवा. बसवलेलं ई-सिम डिलीट करू नका, अनेकदा तेच पुन्हा बसवता येत नाही.

प्रश्न: हॉटेल सोडलं, बिल कंपनीने भरलं, तरी माझ्या डेबिट कार्डावरची मोठी रक्कम अडकलेली दिसते.

उत्तर: चेक-इनच्या वेळी नुकसानभरपाईची तरतूद म्हणून हॉटेलने ती रोखून ठेवली आहे. क्रेडिट कार्डावर असं झालं तर फक्त मर्यादा घटते, डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे अडकतात. हॉटेलकडून 'रोखलेली रक्कम सोडली' असा ईमेल घ्या आणि तो बँकेला पाठवा. स्वतःहून सुटायला कित्येकदा दोन आठवडेही जातात. पुढच्या वेळी हॉटेल आणि भाड्याची गाडी यांना क्रेडिट कार्डच द्या. कार्ड मशीनने 'तुमच्या चलनात की इथल्या चलनात' असं विचारलं तर नेहमी इथलं चलन निवडा. तुमचं चलन निवडलं तर दर दुकानदाराची यंत्रणा ठरवते आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

प्रश्न: १८३ दिवसांच्या आत परतलं तर तिथे कर लागत नाही, हे खरं का?

उत्तर: अर्धंच खरं, आणि या अर्धवट माहितीने पुष्कळांना गोत्यात आणलं आहे. दोन देशांमधले अनेक करविषयक करार ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात. त्यातल्या पंधराव्या कलमात तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: कोणत्याही बारा महिन्यांत तिथला मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नको, पगार देणारी कंपनी त्या देशातली नको, आणि पगाराचा बोजा कंपनीच्या तिथल्या शाखेवर पडता कामा नये. तिसरी अट गुपचूप मोडते. तुमचा पगार मुख्य कंपनीने तिथल्या शाखेच्या नावे टाकला की महिन्याभराच्या मुक्कामावरही कर लागू शकतो. निघण्यापूर्वी हिशेब खात्याला एकच प्रश्न लेखी विचारा: 'माझा पगार कोणाच्या खर्चात धरला जाणार?'

व्हिसाचे दिवस हा वेगळा हिशेब आहे, दोन्ही एकत्र करू नका. शेंगेन देशांत (आपसात सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) अल्पमुदतीच्या मुक्कामाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस मिळतात. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही त्यात मोजतात. १८० दिवस रोज मागे मोजायचे असतात, त्यामुळे एकदा बाहेर जाऊन आल्याने मोजणी शून्यावर येत नाही. तिथे १२ ऑक्टोबर २०२५ पासून ये-जा संगणकावर नोंदवणारी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पासपोर्टवर शिक्का नसेल तेव्हा तुमच्या हातात पुरावा राहतो तो बोर्डिंग पासचा. प्रत्येक पासाचा फोटो काढून तारखेच्या नावाने साठवा. फाइलला नाव देताना महिना अक्षरात लिहा, कारण ०४/०५ हे काही देशांत ४ मे असतं आणि काही देशांत ५ एप्रिल.