टेस्ट नॉर्मल, तरी धाप लागते. दम्यात बारीक श्वासनळ्यांसाठी पंपाच्या जोडीला आणखी औषध घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय, फुंकायची टेस्ट नॉर्मल आली, जिना चढताना धाप मात्र लागतेच, आणि डॉक्टर जोडीला टायोट्रोपियम (श्वासनळ्या सैल करणारं, ओढायचं औषध) म्हणतायत. ते 'टेस्ट नॉर्मल' वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आमच्या आईचं अर्धं आयुष्य निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेलं. नाकाला पदर बांधून दिवसभर चाळण. दमा जुनाच. एका वर्षी टेस्ट केली, रिपोर्ट चांगला आला. झालं! धाकट्या काकांनी तो कागद घरभर दाखवला. "वहिनीला काही झालेलं नाही, मनाचं आहे सगळं." आणि रात्री अडीचला तीच वहिनी खाटेच्या कडेला, तळहात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानापर्यंत ओढून बसलेली. "पाणी दे" म्हणायला मध्ये श्वास घ्यावा लागायचा. हे मनाचं?

पुढे बेळगावला एका डॉक्टरांनी नीट समजावलं. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या सुजल्या तरी पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडते तो आकडा चांगला राहू शकतो. शिवाय दमा कमीजास्त होतो. सकाळी अकराला टेस्ट देणारं माणूस पहाटे गुदमरलेलं असतं. ऑसिलोमेट्री म्हणून टेस्ट असते, तीत जोर लावून फुंकायचं नसतं, नुसता नेहमीसारखा श्वास घ्यायचा. आईचा अडथळा त्यात दिसला.

मग ते म्हणाले, पंप ओढून दाखवा. आईनं दाबला आणि ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा फवारा बाहेर! इतकी वर्षं औषध खोलीत उडत होतं. आम्हाला कुणी एकदाही ओढून दाखवायला सांगितलं नव्हतं, याचा राग मला अजून आहे. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावला, निम्मा त्रास त्यानंच गेला. म्हणून आधी हे तपासा. स्टेरॉइडचा पंप बारीक कणांचा मिळतो का तेही विचारा. बारीक कण जास्त आत खोल पोचतात.

एवढं करूनही पहाटेची घरघर राहिली तेव्हा टायोट्रोपियम जोडलं. तोंड कोरडं पडतं, बाकी आईला मानवलं. त्याआधी रात्रीची मॉन्टेलुकास्टची (दमा-ॲलर्जीची) गोळी होती, ती मी हट्टानं बंद करायला लावली. आई झोपेत ओरडायची, दिवसा उगाच रडायची. अमेरिकेच्या औषध खात्यानं 2020 साली याच कारणासाठी त्या गोळीवर सगळ्यात कडक इशारा टाकलाय. आमच्याकडे मात्र शिंक आली तरी मेडिकलवाला ती देतो.

हां, ती गोळी कित्येकांना चांगली लागू पडते. काचबिंदू असेल, लघवी अडत असेल तर टायोट्रोपियमच्या आधी डॉक्टरांना सांगा. आणि जोडीचं औषध सुरू झालं म्हणून स्टेरॉइडचा पंप सोडायचा नाही. सूज तोच उतरवतो.

घरात कुणी 'मनाचं आहे' म्हणत असेल तर टेस्टच्या दिवशी त्यालाच सोबत न्या. मी नेलं नाही, ते चुकलं. काका अजून म्हणतात, पंपाची सवय लागते. आईचा ऑसिलोमेट्रीचा रिपोर्ट मी लॅमिनेट करून सोप्यात लावलाय, ते येऊन बसतात त्या खुर्चीच्या बरोबर समोर.