मोडेम ५६ केचा, तरी फाइल ५ केबीनेच का उतरते?

फोन लाइनवरून इंटरनेट जोडणारा तुमचा डायल-अप मोडेम ठीक आहे. ५६ के म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट. ८ ने भागा, ७ किलोबाइट, तेही कागदावर. व्ही.९० (५६ केचं मानक) मोडेम साध्या लाइनवर बहुधा ४० ते ५० किलोबिटलाच जोडला जातो, आणि अपलोड ३३.६ च्या वर जातच नाही. कनेक्शनच्या खिडकीत १,१५,२०० दिसत असेल तर तो संगणक ते मोडेम एवढ्याच पोर्टचा वेग. त्यावर भुलू नका.

२८.८ किलोबिटवरच अडकतोय? आधी पॅरलल फोन (त्याच लाइनवरचा दुसरा फोन) आणि लांबलचक वायर काढा, मोडेम थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. फोनमध्ये खरखर असेल तर लाइनमनच हवा. टोन येत असूनही 'नो डायल टोन' आलं, तर मोडेमच्या एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये एटीएक्स३ (ATX3) ही आज्ञा टाका. मग तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. कॉल वेटिंग बंदच ठेवा, त्याच्या बीपने कनेक्शन तुटतं.